आतलं काढून ठेवा

“आतलं काढून ठेवा आणि हात वर करून उभ्या राहा,” चामडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे वाक्य माझं आहे. सत्तावीस वर्षं मी ते दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी म्हणत आले आहे. दवाखान्याच्या तळमजल्यावर मी लोकांच्या छातीचे आणि हाडांचे फोटो काढते. बाईच्या छातीचा फोटो काढायचा तर आतलं काढावंच लागतं, कारण हुक आणि कड्या फोटोत पांढऱ्याशुभ्र उमटतात आणि नेमक्या फुफ्फुसावर येऊन बसतात. पण मला कोणी हे वाक्य ऐकवायची ती पहिलीच वेळ होती. मी पडद्याआड गेले, हुक काढले आणि शर्टाची दोन्ही टोकं मुठीत आवळून बाहेर आले. खोलीत आम्ही दोघीच होतो. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि आमच्याच दवाखान्यातल्या, रोज दिसणाऱ्या. तरी माझे कान तापले.

डाव्या बाजूला छातीखालून निघून थेट पाठीपर्यंत चार बोटं रुंद फोडांचा पट्टा उठला होता. आधीचे चार दिवस नुसती आग होत होती, तेव्हा मी ती नव्या ब्रेसियरच्या माथी मारली होती. बाईंनी एकदाच वाकून बघितलं. नागीण आहे, म्हणाल्या. गोळ्या लिहून दिल्या, जाळीच्या पट्ट्या दिल्या, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना जवळ घेऊ नका म्हणाल्या. मग खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या माझ्या ब्रेसियरकडे पेन दाखवून म्हणाल्या, “आणि हे तीन आठवडे बंद.”

“घरी एक ठीक आहे,” मी म्हटलं. “पण कामावर?”

“कामावर काय? वरून कोट असतो की.”

रजेचं नाव काढायची सोय नव्हती. माझी जोडीदारीण नव्या यंत्राचं शिकायला महिनाभर बाहेरगावी गेली होती, आणि फोटोच्या खोलीत आम्ही दोघीच. मी मान डोलावली, पडद्याआड गेले आणि तीच ब्रेसियर पुन्हा चढवली. घरापर्यंत वीस मिनिटं चालायचं होतं. रस्त्यात माणसं असतात.

माझी आई तिला बॉडी म्हणायची, मी ब्रेसियर म्हणते, माझी सून ब्रा म्हणते, आणि पेशंटांपुढे ती नुसती ‘आतलं’ होते. नाव कोणतंही घ्या, ती कधी घालायची आणि कधी काढायची याचे नियम मला आईनं बाराव्या वर्षी घालून दिले. दिवा विझला की काढायची, उजाडायच्या आत घालायची. आजारपणात घालायची, कारण बघायला लोक येतात. बाळंतपणात तर घालायचीच. वाळत टाकताना टॉवेलाखाली टाकायची, म्हणजे ती कधी वाळायचीच नाही आणि आम्ही मायलेकी बारा महिने दमट अंगानं वावरायचो. का, असं मी कधी विचारलं नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण नवऱ्यासमोरही मी उजेडात तशी कधी वावरले नाही.

घरी आले तर हे पुढच्या खोलीत चष्मा पुसत बसले होते आणि सून स्वयंपाकघरात होती. मुलगा कामावरून उशिराच येतो. मी खोलीत जाऊन ब्रेसियर काढली, पट्टी लावली, वर सैल गाऊन घातला आणि आरशात बघितलं. त्रेपन्न वर्षांच्या बाईचं जे होतं तेच माझं झालं होतं. बाहेर जायला पाय उचलेना. शेवटी पलंगावरची उशी पोटाशी धरून मी जेवायला गेले.

“पोटात दुखतंय का?” ह्यांनी विचारलं.

“पाठ,” मी म्हटलं.

“मग उशी मागे घे की.”

सुनेनं एकदा उशीकडे बघितलं, एकदा माझ्या डाव्या हाताकडे, कारण तो मी अंगापासून वीतभर लांब ठेवला होता. मग ह्यांचं ताट उचललं आणि म्हणाली, “बाबा, तुमच्या बातम्या लागल्यात, तिकडेच देते तुम्हाला.” हे ताटामागून गेले. सुनेनं मधलं दार लोटून घेतलं. मला खुर्चीवर धड बसता आलं, आणि बसले तशी लाजेनं मान खाली गेली.

कारण दीड वर्षापूर्वी, लग्न होऊन ती आमच्याकडे आली त्याला महिनाही झाला नसेल, एका सकाळी ती झोपेतून उठून गाऊनवर तशीच पाणी प्यायला बाहेर आली होती. हे पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली होती की नाही देव जाणे. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आपल्या घरात बायका अशा अवतारात फिरत नाहीत, घरात सासरे आहेत. ती “बरं” म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या खोलीचं दार उघडायचं ते ती जामानिमा करूनच. तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा. मी मनात म्हणायचे, पोरीला वळण लागलं. तेव्हा मला त्याचं समाधान होतं.

“मला काही म्हणत का नाहीस?” मी विचारलं.

“काय म्हणू, आई? तुम्हाला दुखतंय.”

“तरी.”

तिनं माझ्या ताटात भात वाढला. “मला पण दुखायचं,” ती म्हणाली. “सुरुवातीला. दिवसभर ऑफिसात घालून पाठ धरायची, वाटायचं घरी येऊन तरी मोकळं व्हावं. पण सांगायची सोय नव्हती.” तिच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं ते आज दूध नासलं अशा सुरात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचं न ऐकता मी घालूनच कामावर गेले. अकरा वाजेपर्यंत दम काढला. मग एक फोड फुटला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी माझ्या खोलीत शिरले, कडी लावली, ब्रेसियर काढून खणात कोंबली आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

या माझ्या खोलीबद्दल सांगायला हवं. फोटोच्या खोलीला लागून आत एक लहान खोली आहे, दोन माणसं उभी राहतील एवढी. ती बायकांना कपडे बदलायला बांधलेली होती. एकोणीस वर्षांपूर्वी फिल्मचे खोके ठेवायला कोरडी जागा हवी म्हणून मी ती तात्पुरती मागून घेतली. पुढे फिल्म गेल्या, कॉम्प्युटर आले, खोके रद्दीत गेले, पण तोवर तिथे माझी खुर्ची आली होती, किटली आली होती, कपाट आलं होतं, खिडकीत एक कुंडीसुद्धा. बायका कपडे बदलायला बाहेरच्या मार्गिकेच्या टोकाला संडासात जायच्या, दवाखान्याचा झगा घालून परत यायच्या आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसायच्या. एक यंत्रापुढे असताना दुसरी तयार असली तरच दिवसाचे चाळीस फोटो होतात. संडासापासून माझ्या दारापर्यंत सोळा पावलं आहेत. मी ती त्या दिवशी मोजली.

हापिसानं माझ्याकडची पेशंटांची वही मागवली होती. मोठी नोंदवही, आडवी. शिपायाकडे द्यायची तर तो जागेवर नव्हता. मी ती वही छातीशी धरली आणि मार्गिकेत पाऊल टाकलं. बाक भरलेला होता, निम्मे पुरुष. कोणाचा हात गळ्यात बांधलेला, कोणी खोकतोय, कोणी पेंगतोय. मला बघून त्यांनी बघावं तसं बघितलं, म्हणजे समोरून कोणी जातं तेव्हा बघतात तसं. पण कोटाचं कापड धुऊन धुऊन विरलं होतं आणि मला वाटत होतं की सगळ्यांना सगळं कळतंय. दर पावलाला वही जास्तच घट्ट दाबली जात होती, फोडांवर रुतत होती, आणि तरी मला ती सैल करता येत नव्हती.

मार्गिकेच्या टोकाला एक बाई झगा हातात घेऊन उभी होती. चाळिशीची, हडकुळी, हातावर इस्त्रीनं भाजल्याचे जुने डाग. झगा तिनं घडी मोडून बघितला होता. पाठीच्या चार नाड्यांपैकी दोन तुटलेल्या.

“हे घालून इथून यायचं?” तिनं विचारलं.

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या दवाखान्यात सगळ्यांना माहीत आहे. तोंडातून सवयीनं निघून गेलं. “मग काय, खांद्यावर बसवून आणू? इथे सगळे आजारी आहेत. कोण बघतंय तुझ्याकडे?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडाकडे नव्हे, कोपरांकडे. मग अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, “मग तुम्ही वही का धरलीय अशी?”

तिनं झग्याची नीट घडी घातली, अशी घडी आमच्या धोब्यानं कधी घातली नसेल. ती बाकाच्या कडेला ठेवली, तिच्यावर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली आणि खोकत खोकत निघून गेली. तेवढ्यात शिपाई कुठून तरी उगवला आणि ओरडला, “पुढचा नंबर.” त्याला आम्ही पुढचाच म्हणतो. पंधरा वर्षं तो हेच ओरडतोय.

हापिसात न जाता मी परत फिरले. वहीत तिच्या नावापुढे शेरा लिहिला, ‘न थांबता गेली’. हा शेरा माझा ठरलेला. मग चिठ्ठी वाचली. जुना खोकला, तीन-चार महिने वाढता, वजन घटलं, रात्री घाम. खाली डॉक्टरांनी ‘तातडीने’ लिहून दोन रेघा मारल्या होत्या.

मी वही मागे चाळत गेले. का गेले सांगता येणार नाही, पत्ता तर त्याच पानावर होता. शेरा पाना-दोन पानांआड दिसत होता. न थांबता गेली. न थांबता गेली. ‘न थांबता गेला’ असं शोधूनही सापडेना. आणि मागे, आठ महिन्यांपूर्वीच्या पानावर, पुन्हा हेच नाव, हेच वय, हाच पत्ता. खोकला दोन आठवडे. पुढे माझ्या वळणदार अक्षरात तोच शेरा. तिचा तेव्हाचा चेहरा आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवला नाही.

दुपारी बाक रिकामा झाल्यावर मी पुढच्याला विचारलं की बायका अशा निघून जातात हे त्याच्या लक्षात आलं होतं का.

“आलं होतं की,” तो म्हणाला. “तुम्ही ती खोली घेतल्यापासून जातात, असं माझ्या आधीचा शिपाईपण सांगायचा.”

“मग बोलला नाहीस ते?”

तो कानामागे खाजवत राहिला. “बोलणार होतो, बाई. पण तुम्ही चहा पाजायचात त्याच खोलीतला. म्हटलं, कशाला.”

बुधवारी मी खोली रिकामी केली. पुढच्यानं कपाट ओढलं, मी एका हातानं किटली आणि कुंडी उचलली. भिंतीला दोन खुंट्या मारून घेतल्या, एक स्टूल ठेवलं. कडी होतीच, आतून. माझी खुर्ची यंत्राच्या कोपऱ्यात गेली आणि चहा बंद झाला. जे पाच मिनिटांत होण्यासारखं होतं त्यासाठी आम्हाला दीड तास लागला, कारण पुढच्याला कपाटामागे एकेक जुनी वस्तू सापडत होती आणि तो प्रत्येकीची हकिकत सांगत होता. त्या दिवशी अठरा बायका त्या खोलीत कपडे बदलून गेल्या. एकीनंही काही म्हटलं नाही. त्यांना वाटलं, असंच असतं.

ती खोकणारी बाई आली नाही. गुरुवारी आली नाही, शुक्रवारी नाही. दर वेळी मार्गिकेत खोकला ऐकू आला की मी दारात जायचे. आठ महिन्यांत छातीत काय काय होतं ते मला फोटोंवरून ठाऊक आहे. पहिल्या फोटोत नखाएवढं असतं आणि पुढच्यात तळहाताएवढं. बाकीच्यांचे बघताना ते मला नुसतं काम वाटत आलं होतं. आता जेवताना आठवायचं.

शनिवारी अर्धा दिवस असतो. वहीतला पत्ता मी कागदावर उतरवून घेतला, तो एका इस्त्रीच्या दुकानाचा होता. असा पत्ता काढून पेशंटाच्या मागे जाणं नियमात बसत नाही, पण नियमांचं म्हणाल तर माझं आधीच पुरेसं झालं होतं. निघताना कोट खुंटीला अडकवला, कारण कोट बाहेर न्यायचा नाही. खणातली ब्रेसियर काढली. रोज येता-जाताची वीस-वीस मिनिटं मी ती चढवतच होते आणि घरी जाऊन दात-ओठ खात सोडवत होते. त्या दिवशी पट्टी ओली होऊन चिकटली होती. हुकापर्यंत हात नेला आणि खाली आणला. ही घालायची तर सरळ घरीच जावं लागणार होतं, इस्त्रीच्या दुकानापर्यंत ती सोसली नसती. मी ती पिशवीत टाकली.

भरदुपारी, भररस्त्यात, नुसत्या शर्टावर. आईनं बघितलं असतं तर अन्न सोडलं असतं. पिशवी पुढे धरली तर ती पायांत येत होती, म्हणून मी हातांची घडी घातली आणि खाली बघत चालले. एक भाजीवाली माझ्याकडे बघून हसली, ती दुसऱ्याच कशावर तरी हसत असेल, पण मी तिथून पळाल्यासारखी निघाले. आयुष्यभर मी बायकांना सांगत आले होते की कोणी बघत नाही. खरं तर फार कोणी बघत नव्हतंही. पण त्यानं काडीचा फरक पडत नव्हता, लाज माझ्या आतच होती आणि ती कोणाच्या बघण्यावर थांबलेली नव्हती.

दुकान एका बोळात होतं. तीन टेबलं, दोन पुरुष, आणि कडेच्या टेबलावर ती. मला ओळखायला तिला एक क्षण लागला, कोटाशिवाय मला कोणी बघितलेलं नसतं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि मागच्या कपड्यांच्या ढिगाआड मला घेऊन गेली. तिथे वाफेचा दमट वास होता. ती तोंडावर फडकं धरून खोकली आणि खोकला थांबेपर्यंत मी ताटकळत राहिले.

“फोटो काढायला या,” मी म्हटलं. “कपडे बदलायला आतच खोली केलीय.”

“कधी केली?”

“बुधवारी.”

तिनं मान हलवली. “मी आधीपण आले होते.”

“हो. वहीत बघितलं मी. आठ महिने झाले.”

“तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते लिहिलंय वहीत?”

“नाही.”

“आठवतही नाही?”

मी नाही म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि खरं त्याहून वाईट होतं. तिनं ढिगातला एक शर्ट ओढला, मांडीवर पसरला आणि बाह्या दुमडायला लागली. शर्टाकडे बघतच म्हणाली, “तुम्ही म्हणालात, एवढं झाकण्यासारखं आहे तरी काय तुझ्याकडे. बाकावरचे सगळे हसले. त्यांत आमच्या बोळातला एक होता. त्यानं इथे येऊन सांगितलं.”

पलीकडे दोन इस्त्र्या टेबलांवर आदळत होत्या. म्हणजे त्या दोघांनाही माहीत होतं. आठ महिने ती त्यांच्या शेजारी उभी राहून कपडे घडी करत होती. मला तोंड लपवावंसं वाटलं. “म्हटलं असेन” एवढं तोंडावर आलं होतं, पण तेवढ्या ‘असेन’मध्येसुद्धा चोरी होती.

“म्हटलं मी,” मी म्हणाले. “चुकले.”

चुकल्याचं तिनं काही केलं नाही. घेतलंही नाही, परतही दिलं नाही. शर्टाची कॉलर बोटांनी सरळ केली. मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्या हातांच्या घडीवर तिची नजर थांबली. मी हात खाली घेतले. तिचा चेहरा बदलला नाही.

“दाराला कडी आहे?”

“आहे. आतून.”

“सोमवारी येते,” ती म्हणाली. “लवकर सोडा पण. इथे खोळंबा होतो.”

तिथून घरी येताना मी हातांची घडी पुन्हा घातलीच. रविवारी सुनेला सगळं सांगितलं, तिला सांगितल्याशिवाय मला राहवेना. ती ऐकून घेत होती आणि मी दवाखान्यातून आणलेल्या आठ झग्यांना नव्या नाड्या शिवत होती. नाड्या मी शिवणार होते, तिनं हातातून काढून घेतल्या. मधेच म्हणाली, “आई, मग आता घरात कसं? मी पण?” मी म्हटलं, तुला हवं तसं. ती सोमवारी सकाळी दार उघडून पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा जामानिमा करूनच आली होती. दीड वर्षाची सवय होती, आणि ती मीच लावली होती.

दवाखान्यात सोमवारी ती इस्त्रीवाली पहिलीच आली. आत गेली, कडी वाजली, झगा घालून आतल्याच दारानं बाहेर आली. मी तिला यंत्राच्या पाटीसमोर उभी केली, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. तिचे खांदे धरून नीट करताना माझे हात गार होते, तसं मी तिला आधी सांगितलं. मग काचेमागे गेले. “श्वास घ्या. धरा. सोडा.”

पडद्यावर चित्र आलं. एकही हुक नव्हता, कडी नव्हती, हलल्याची रेघ नव्हती. सत्तावीस वर्षांत इतका स्वच्छ फोटो मी क्वचितच काढला असेल. उजवीकडे वर तळहाताएवढं पांढरं होतं, त्याच्या मधोमध एक काळी पोकळी, आणि डावीकडेही शिंपडल्यासारखं सुरू झालं होतं. पहिल्यांदा आली होती तेव्हा यातलं किती असेल, ते मला न शोधता कळत होतं.

“काय दिसतंय?” तिनं विचारलं.

“डॉक्टर सांगतील.” नियम तसाच आहे. एरवी मी ते मान न वळवता म्हणते. त्या दिवशी मी वळून म्हटलं, आणि तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तिला जे कळायचं ते कळलं.

“औषधं आहेत यावर,” मी घाईनं म्हटलं. “बरं होतं. वेळ लागतो, पण होतं.”

“बरं,” ती म्हणाली. खोलीत गेली आणि तिनं कडी लावली.

दोन मिनिटं गेली, पाच गेली. आतून आधी खोकला आला, मग काहीच नाही. लवकर सोडा म्हणणारी बाई बाहेर येईना. मी दुसरं काही काम काढलं आणि ते हातातच राहिलं. मार्गिकेत लोक चुळबुळायला लागले. पुढचा आत डोकावला.

“बाई, आत कोण अडकलंय? बाहेर अकरा जण बसलेत.”

“बसू देत.”

“नाही, म्हणजे मी वाजवू का दार?”

“नको,” मी म्हटलं.

तो तरी दोन पावलं पुढे आलाच, सवयीनं. मी उठले आणि त्या दाराला पाठ लावून उभी राहिले.